मदत हवी आहे : ऑडिट केस प्रोजेक्टमध्ये मटेरियॅलिटी कशावर धरावी?

आम्ही चौघे मिळून ऑडिटचा केस प्रोजेक्ट करतोय आणि दोन ठिकाणी अडलोय.

केसमधल्या कंपनीचा करपूर्व नफा यंदा एकदम घसरलाय. त्याचे ५ टक्के धरले तर मटेरियॅलिटी (म्हणजे केवढ्या रकमेपासून चूक महत्त्वाची मानायची ती मर्यादा) इतकी कमी येते की जवळपास प्रत्येक व्हाउचर तपासावं लागेल. मला उलाढाल किंवा मागच्या तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी जास्त पटते. आयएसए ३२० (मटेरियॅलिटीवरचं आंतरराष्ट्रीय ऑडिट मानक) मध्ये ठरावीक टक्केवारी दिलेली नाही, त्यामुळे कारण आम्हालाच लिहायचंय. तुम्ही काय निवडलं असतं, आणि का?

दुसरी गोष्ट मला जास्त खुपतेय. येणी एकाकडे, मालसाठा दुसऱ्याकडे अशी वाटणी केली. काल सगळे वर्किंग पेपर (तपासणीच्या नोंदी) शेजारी ठेवून वाचले तेव्हा दिसलं, की वर्षअखेरीला विक्रीत धरलेला माल गोदामातल्या मोजणीतही होता! म्हणजे नफा फुगलेला. दोघांनी आपापलं काम मनापासून केलं होतं, पण कट-ऑफ, म्हणजे वर्षअखेरीचे व्यवहार योग्य वर्षात धरलेत का हे तपासणं, कोणाच्याच वाट्याला नव्हता.

आता सादरीकरणाला नऊ दिवस उरलेत. एकमेकांचे पेपर तपासायची पद्धत तुमच्या टीमने कशी बसवली होती? कामाची वाटणी खात्यांनुसार न करता विक्री, खरेदी अशा व्यवहारचक्रांनुसार केली तर असे दुवे सुटणार नाहीत का?