५ लाखांचे संरक्षण आणि महिन्याच्या गोळ्या

विडी कामगाराची मुलगी, कुंभारी

काल येथे सोलापूरच्या एका यंत्रमागधारकांनी लिहिले की, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेचा रंग न पाहता प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे आरोग्य विम्याचे संरक्षण मिळत असताना कामगारांनी आणखी काही मागणे हा हव्यास आहे. मला हे वाचून संताप आला. ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. माझी आई तीस वर्षांहून अधिक काळ विड्या वळते आहे. तिला दम्याचा पंप, रक्तदाबाच्या गोळ्या आणि अधूनमधून तपासण्या लागतात, आणि यांपैकी कशासाठीही तिला दाखल व्हावे लागत नाही. त्यामुळे ५ लाखांतला एक रुपयाही तिच्या कामी येत नाही. पैसे संपले की ती पंप जपून वापरते. आमची मागणी एवढीच आहे की बाह्यरुग्ण तपासणी आणि नेहमीची औषधे या संरक्षणात यावीत.

यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड

तो मजकूर माझाच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होते. माझ्या शेडमधल्या एका कामगाराची हृदयशस्त्रक्रिया तिच्यातूनच झाली आणि त्याला घर गहाण ठेवावे लागले नाही. याचे मोल कमी लेखू नये. शिवाय संघटित कामगारासाठी ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, आहेच. मी दरमहा वेतनाच्या ३.२५ टक्के भरतो, कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात, आणि तरीही माझी माणसे ताप आला की खासगी दवाखान्यातच जातात. आधी जे भरतो त्याचा हिशेब द्या, मग नव्या मागण्या करा.

जुना जॉबर, अशोक चौक

ईएसआयचा विषय आपणच काढलात, म्हणून मी, मागांवर देखरेख करणारा जुना जॉबर, लिहितो. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा माणसे झाली की ईएसआय लागू होते, हे शहरातल्या प्रत्येक मालकाला पाठ आहे. मी ज्या शेडमध्ये उमेदीची वर्षे घालवली तेथे भिंत एक, मीटर दोन आणि कागदावर कारखान्यांची नावे तीन होती. कोणत्याही नावावर दहावा माणूस कधी लागला नाही. मागासाठी सुताची कांडी भरणाऱ्या बाया तर हजेरीपटावरच नव्हत्या. ईएसआय मिळाले असते तर घरच्या सगळ्यांना बाह्यरुग्ण उपचार आणि औषधे मिळाली असती, आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळाले असते. मालकांनी हे बुडवायचे आणि नंतर कामगाराला हव्यासी ठरवायचे, हे सहन होत नाही.

यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड

आपण माझी शेड पाहिलेली नाही, तेव्हा सर्व मालकांना एका ओळीत उभे करू नका. सुताचे भाव कोठे गेले, चादरीला गिऱ्हाईक किती उरले आणि आठ-दहा माग चालवणाऱ्याच्या हाती महिन्याअखेर काय राहते, हे जॉबरला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. शेड वाटली जाते ती कधी कधी भावांच्या वाटणीमुळेही.

जुना जॉबर, अशोक चौक

भावांच्या वाटणीत कामगाराचा दवाखाना का जावा, याचे उत्तर आपण दिलेले नाही.

शहरातील डॉक्टर

मालक आणि जॉबर यांच्या वादात मूळ प्रश्न मागे पडला आहे. बाह्यरुग्ण सेवा विम्यात आणण्यास माझा विरोध आहे, कारण किरकोळ बिलांची छाननी करणे अशक्य होईल आणि पैसा खोट्या बिलांत जाईल. त्यापेक्षा २०२३ पासून राज्यभर उघडलेल्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांत आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत दमा, रक्तदाब, मधुमेह यांची औषधे अखंड ठेवावीत. क्षयरोगाची औषधे राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळतात. तीच पद्धत येथे का नको?

विडी कामगाराची मुलगी, कुंभारी

डॉक्टरसाहेब, औषध विम्यातून येवो वा केंद्रातून, आईला फरक पडत नाही, आणि एवढ्यापुरते तुमचे म्हणणे मी मान्य करते. मात्र केंद्र सकाळी उघडून दुपारी बंद होत असेल, तर दर हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या बाईचा तेथे रांगेत अर्धा दिवस जातो आणि त्या दिवसाची विडी कमी भरते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. पण आमचे सिव्हिल रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तो निर्णय त्याला लागू झाला नाही. आणखी एक. विडी कामगार कल्याण निधीचा कायदा १९७६चा, त्यावर आमचे दवाखाने चालत; २०१७ मध्ये जीएसटी आला आणि या निधीत जाणारा विडीवरचा उपकरच गेला. आमच्या हक्काचा पैसा बंद झाला तेव्हा कोणी त्याला हव्यास म्हटले नाही.

यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड

उपकराची गोष्ट मला विचारात घ्यावी लागेल, आणि औषधे केंद्रातून मिळावीत यालाही माझी हरकत नाही. मात्र त्याचा भार मालकांच्या वर्गणीवर टाकला, तर लहान मागवाला उरणार नाही, हे माझे मत कायम आहे.

जुना जॉबर, अशोक चौक

भार सरकारने उचलावा, यावर तरी आपले एकमत झाले. केंद्र संध्याकाळी पाळी सुटल्यावर उघडे हवे, ही मागणी आपण सहीनिशी महापालिकेला द्याल का?