मदत हवी आहे: माळावरचा पांढरा, लाल-काळ्या ठिपक्यांचा पतंग कोणता? अळ्यांना खायला काय देऊ?

नमस्कार मंडळी. पाटोदा तालुक्यातल्या (जि. बीड) एका वस्तीशाळेवर मी शिकवते. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं आणि लेकरांना घेऊन मागच्या गायरानात गेले. गवतातून चालताना पायाखालून पाखरं उठत होती. भर उन्हात उडायची आणि आठ-दहा पावलांवर जाऊन पुन्हा कुसळीत बसायची. लेकरं म्हणाली फुलपाखरू. मला पतंग वाटतो, कारण बसला की पंख अंगाला लपेटून घेतो आणि मिशा दोऱ्यासारख्या आहेत, टोकाला गाठ नाही.

बसलेला जेमतेम दोन सेंटिमीटर. पुढचे पंख दुधासारखे पांढरे, त्यावर लाल ठिपके आणि त्यांच्या मधून बारीक काळे ठिपके. मागचे पंख उडतानाच दिसतात, पांढरे आणि कडेला वेडीवाकडी काळी किनार. एका मुलाने चिमटीत धरला तर त्याच्या मानेजवळून पिवळसर फेस आला. मी लगेच हात धुवायला लावले.

तिथंच पिवळ्या फुलांच्या एका झुडपावर केसाळ अळ्या होत्या. काळपट अंग, पाठीवर पांढरी रेघ, दर वेढ्याला नारिंगी डाग. पाच अळ्या बरणीत आणल्या आणि सोयाबीनचा पाला टाकला. दोन दिवस झाले, तोंड लावलेलं नाही. लेकरं रोज सकाळी दप्तर ठेवायच्या आधी बरणी बघतात, त्यामुळे जीव लागून राहिलाय.

दुसरी अडचण मोठी आहे. शेजारच्या शेतातले काका म्हणतात ही केसाळ अळी सोयाबीनवर चढणार, म्हणून गायरानाची कड फवारून घेऊ. गेल्या साली त्यांच्या पिकाची अळीनं चाळणी केली होती, त्यांची भीती खोटी नाही. पण नाव कळल्याशिवाय औषध मारू नये असं मला मनापासून वाटतं. अळी आणि पतंग एकाच किड्याचे आहेत का? किती दिवस लागतात?

खडकमाळ (परभणी):
ताई, आधी पाला बदला, बाकीचं नंतर वाचा. ज्या झुडपावर अळ्या होत्या त्याचीच डहाळी हिरव्या शेंगांसकट आणा. त्या झाडाच्या वाळलेल्या शेंगा हलवल्या की आत बिया वाजतात का?

माळावरची ताई:
हो, वाजतात! आमच्याकडं त्याला खुळखुळा म्हणतात. आत्ताच दोन मुलं डहाळी आणायला गेली.

खडकमाळ (परभणी):
मग जुळलं. अळी आणि पतंग एकच आहेत. हा युटेथेसा, वाघपतंगांच्या गटातला. आपल्याकडं युटेथेसा पुल्चेला आणि युटेथेसा लोट्रिक्स या दोन जाती इतक्या सारख्या दिसतात की नुसत्या वर्णनावरून मी एकीवर बोट ठेवणार नाही. दोघींच्या अळ्या खुळखुळ्यावर वाढतात.

मादी पानांवर फिकट, गोल अंड्यांचा पुंजका घालते. उबेत तीन-पाच दिवसांत अळ्या निघतात. दोन-तीन आठवडे खातात, कोवळेपणी पानं, मोठ्या झाल्या की हिरवी शेंग पोखरून आतल्या बिया. मग खाली पालापाचोळ्यात उतरून रेशमाचं विरळ जाळं विणतात आणि आत तपकिरी कोष होतो. आठवडा-दीड आठवड्यात पतंग. म्हणजे पावसाळ्यातली एक पिढी साधारण महिन्याची, थंडीत जास्त. बरणीच्या तळाला सुका पाचोळा टाका आणि तोंडाला फडकं बांधा. घट्ट झाकणानं आत दमटपणा साचतो आणि अळ्या बुरशीनं मरतात.

तो फेस का येतो, हे लेकरांना नक्की सांगा. खुळखुळ्यात पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाचं कडू विष असतं. गुरांनी काही जातींचा पाला जास्त खाल्ला तर यकृतावर बेततं. ही अळी तेच विष अंगात साठवते, पतंग झाल्यावरही ते टिकतं, आणि कुणी धरलं की फेसातून बाहेर टाकते. इतका भडक रंग घेऊन दिवसा उघड्यावर फिरायचं धाडस त्यातून येतं. याच कुळातल्या अमेरिकेतल्या युटेथेसा ऑर्नाट्रिक्सवर कॉर्नेल विद्यापीठात थॉमस आइझनर यांनी बरीच वर्षं काम केलं. जाळ्यात सापडलेला पतंग कोळी स्वतःच धागे कापून सोडून देतो, आणि विष नसलेल्या खाद्यावर वाढवलेला पतंग मात्र खाऊन टाकतो, हे त्यांनी दाखवलं. त्या जातीत नर मिलनाच्या वेळी आपल्या साठ्यातला वाटा मादीला देतो आणि मादी तो अंड्यांत घालते. अंड्यापासूनच राखण सुरू होते. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

बांधावरचा (औसा):
ताई, काकांना एवढंच सांगा. सोयाबीनवर जी केसाळ अळी येते ती बिहार केसाळ अळी, वेगळी जात. ती मोठी झाली की अंग नारिंगी आणि दोन्ही टोकं काळपट, लहानपणी एकाच पानावर झुंडीनं बसून पानाची जाळी करते. तशी झुंडीची पानं सोयाबीनमध्ये दिसली तर पानासकट तोडून नष्ट करायची, त्यासाठी गायरान फवारायची गरज नाही. तुमच्यावाली अळी सोयाबीनच्या पाल्याला दोन दिवस शिवली नाही, हे तुमच्या बरणीतच सिद्ध झालंय. काकांना बरणी दाखवा.

एक खबरदारी मात्र सांगतो. ताग म्हणजे खुळखुळ्याचाच भाऊबंद, त्यामुळे बियाण्यासाठी ताग धरला असेल तर ही अळी शेंगा खाते. हिरवळीच्या खताचा ताग फुलावर येताच आपण गाडून टाकतो, तिथं तिची काळजी नसते. काकांचा ताग आहे का?

माळावरची ताई:
ताग नाही, सोयाबीन आणि तूरच आहे. काल संध्याकाळी काकांना शाळेत बोलावलं. बरणीत एकीकडं सोयाबीनचा पाला तसाच सुकलेला, दुसरीकडं खुळखुळ्याची शेंग भोक पडलेली, आणि भोकातून अळीचं अर्धं अंग बाहेर. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, आधी माझं सोयाबीन ओळीनं बघतो, पाला जाळीदार दिसला तरच पुढचं. गायरानाची फवारणी थांबलीय. दादा, दोघांचेही मनापासून आभार.

पाचातल्या चार अळ्या खातायत. पाचवी आज सकाळपासून पाचोळ्यात शिरलीय, हालचाल नाही, भोवती पांढरे धागे दिसतात. कोष करतेय की मेली, हे उकरून न बघता कसं ओळखायचं?

खडकमाळ (परभणी):
धागे आहेत म्हणजे कोष करतेय. हात लावू नका, बरणी हलवूही नका. एक-दोन दिवसांत जाळ्यातून तपकिरी कोष दिसेल. आजची तारीख फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. बरणीत एक वाळकी काडी तिरकी उभी करा, कारण पतंग बाहेर आल्यावर पंख सुकवायला त्याला वर चढावं लागतं.