मदत हवी आहे : फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडलेल्या जुन्या संगणकातील फाइली सिरियल केबलने बाहेर काढायच्या आहेत

नमस्कार. माझ्या वडिलांनी अनेक वर्षे केलेल्या पक्षिनिरीक्षणाच्या नोंदी डीबेस थ्री या जुन्या डेटाबेस प्रोग्रामच्या ११ फाइलींमध्ये आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही. ज्या पोर्टेबल संगणकावर त्या आहेत, त्यात ८०८८ प्रोसेसर, २० मेगाबाइटची हार्ड डिस्क आणि डॉस ३.३ आहे. फ्लॉपी ड्राइव्ह पूर्णपणे बंद आहे. हार्ड डिस्क सुरू होताना अलीकडे दोन-तीनदा अडखळली, म्हणून मला घाई आहे. मात्र घाईत काही कायमचे गमावण्याची भीतीही तितकीच आहे.

शेजारी एक ३८६ संगणक ठेवला आहे. त्यावर एमएस-डॉस ६.२२ आहे आणि त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह चालतो, त्यामुळे फाइली तेथवर आल्या की पुढचे मला जमेल. पोर्टेबलचे सिरियल पोर्ट २५ पिनांचे व ३८६ चे ९ पिनांचे आहे. मी स्वतः तीन तारांची केबल तयार केली : पाठवण्याची, घेण्याची आणि ग्राउंडची. पोर्टेबलच्या टोकाला ४ व ५ या पिना एकमेकींना आणि ६ व २० या पिना एकमेकींना जोडल्या. ३८६ च्या टोकालाही त्याच धर्तीवर जोडण्या केल्या.

पोर्टेबलवर फाइल पाठवणारा कोणताही प्रोग्राम नसल्याने मी कॉपी या आज्ञेने फाइल थेट कॉम१ कडे, म्हणजे सिरियल पोर्टकडे, पाठवली आणि ३८६ वर टर्मिनल प्रोग्रामने ती टिपून घेतली. दोन्हीकडे ९६०० चा वेग, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. काही फाइली वरवर पाहता पूर्ण आल्या. तीन फाइली मात्र अवघ्या काही बाइटांच्या आल्या, आणि कितीही वेळा पाठवल्या तरी तेवढ्याच येतात. वेग २४०० पर्यंत उतरवूनही फरक पडला नाही. शिवाय ३८६ वरील इंटरसर्व्हर प्रोग्राम आरकॉपी या पर्यायाने स्वतःला दुसऱ्या संगणकावर उतरवतो असे वाचले होते, पण तो प्रयत्न प्रत्येक वेळी मध्येच अडकतो. केबल सदोष आहे, पोर्ट सदोष आहे की माझी पद्धतच चुकीची आहे, हे कृपया कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १

आपली केबल सदोष नाही, ती अपुरी आहे; आणि त्या तीन फाइलींचे कारण केबलमध्ये नाहीच. कॉपी आज्ञेचे लक्ष्य एखादे उपकरण असेल, तर डॉस ती फाइल मजकुराची समजतो आणि २६ या मूल्याचा पहिला बाइट, म्हणजे कंट्रोल-झेड, दिसताच फाइल संपली असे मानून थांबतो. डीबेस थ्रीच्या फाइलीत पहिला बाइट प्रकार सांगतो आणि पुढचे तीन बाइट शेवटच्या बदलाचे वर्ष, महिना व दिवस सांगतात. त्या तीन फाइली कोणत्या तरी महिन्याच्या २६ तारखेला शेवटच्या बदललेल्या आहेत का, हे डिर आज्ञेने पाहा. माझा अंदाज बरोबर असेल, तर त्यांचा चौथाच बाइट डॉसला शेवटासारखा दिसत आहे.

कॉपीसोबत /बी लावल्यास फाइल अखेरपर्यंत जाईल. तरीही ही पद्धत मी या कामासाठी वापरणार नाही, कारण तिच्यात चूक ओळखण्याची काहीच सोय नाही. एखादा बाइट वाटेत हरवला तर पुढची प्रत्येक नोंद एका अक्षराने सरकते आणि कोणीही तक्रार करत नाही. आता पूर्ण वाटणाऱ्या फाइलींवरही म्हणूनच विश्वास ठेवू नका.

आरकॉपी अडकण्याचे कारण मात्र केबल हेच आहे. आपण प्रत्येक टोकाच्या पिना आपापसांत जोडल्यामुळे प्रत्येक संगणकाला स्वतःचाच होकार परत मिळतो. समोरचा डिस्कवर लिहीत असताना ‘जरा थांब’ असे सांगायला तारच नाही. आरकॉपीसाठी सात तारांची नल-मोडेम केबल, म्हणजे दोन संगणक थेट एकमेकांना जोडणारी केबल, लागते. आपल्या ९ व २५ पिनांच्या जोडीसाठी जोडणी अशी होईल : ९ पिनांच्या बाजूची ५ ही पिन २५ पिनांच्या बाजूच्या ७ ला, २ ही २ ला, ३ ही ३ ला, ७ ही ५ ला, ८ ही ४ ला, ६ ही २० ला आणि ४ ही ६ ला. येथे २ ला २ आणि ३ ला ३ पाहून पुष्कळांना तारा उलट करण्याचा मोह होतो, पण या दोन प्रकारच्या जोडण्यांमध्ये पाठवण्याची व घेण्याची पिन मुळातच अदलाबदल झालेली असते, त्यामुळे तारा सरळ दिसल्या तरी काम उलटच होते. आधीच्या सर्व आतल्या जोडण्या काढून टाका.

प्रतिसाद २

वरील जोडणीशी सहमत आहे. पुढचा क्रम सांगतो. ३८६ वर इंटरसर्व्हर /आरकॉपी चालवा. तो सांगेल तेव्हा पोर्टेबलवर ‘मोड कॉम१:२४००,एन,८,१,पी’ आणि त्यानंतर ‘सीटीटीवाय कॉम१’ या आज्ञा द्या. यासाठी पोर्टेबलवर मोड हा पोर्टचा वेग ठरवणारा प्रोग्राम असणे आवश्यक आहे. दुसरी आज्ञा दिल्यानंतर पोर्टेबलचा कळफलक प्रतिसाद देणार नाही, कारण आज्ञा आता तारेवरून येत असतात. घाबरून यंत्र बंद करू नका. आपल्या डिस्कची सुरू होण्याची तक्रार असल्याने हे विशेष आग्रहाने सांगतो : काम पूर्ण होईपर्यंत पोर्टेबल चालूच राहू द्या.

प्रोग्राम उतरले की पोर्टेबलवर इंटरसर्व्हर चालवा. ३८६ च्या कॉन्फिग.सिस मध्ये (डॉस सुरू होताना वाचतो त्या फाइलीत) इंटरलिंक या इंटरसर्व्हरच्या जोडीच्या प्रोग्रामची ओळ घालून तो संगणक पुन्हा सुरू करा, म्हणजे पोर्टेबलची हार्ड डिस्क ३८६ वर एका नव्या ड्राइव्हच्या अक्षराने दिसेल. वेगळा वेग सांगितला नाही तर इंटरसर्व्हर १,१५,२०० चा वेग धरतो, म्हणजे सुमारे ८७ मायक्रोसेकंदांना एक बाइट. सिरियल पोर्ट सांभाळणाऱ्या जुन्या ८२५० चिपमध्ये आलेला एकच बाइट मावतो आणि ८०८८ ने तो वेळेत उचलला नाही तर पुढचा बाइट त्याच्यावर येऊन पडतो. म्हणून /बॉड:३८४०० देऊन सुरुवात करा, अडचण आली तर १९२०० वर या. सर्वांत मोलाच्या फाइली आधी घ्या.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. त्या तिन्ही फाइलींची तारीख खरोखरच २६ आहे, दोन वेगवेगळ्या महिन्यांतली. हे कारण मला एकट्याला कधीच सुचले नसते.

सात तारांची केबल आज तयार केली. प्रत्येक जोड मल्टिमीटरने तपासला, तेव्हा ८ ची तार चुकून ५ ला लागल्याचे आढळले आणि ती दुरुस्त केली. त्यानंतर आरकॉपी पहिल्याच प्रयत्नात पूर्ण झाले. ३८४०० वर दोनदा ‘ड्राइव्ह तयार नाही’ असा संदेश आला, म्हणून १९२०० वर आलो आणि मग ११ ही फाइली अखंड उतरल्या. आता आणखी एक विचारतो : प्रत बरोबर असल्याची खात्री कशी करावी?

प्रतिसाद १

दोन प्रकारे करा. डीबेसच्या शीर्षभागात नोंदींची संख्या, शीर्षभागाची लांबी आणि एका नोंदीची लांबी लिहिलेली असते. संख्येला नोंदीच्या लांबीने गुणून त्यात शीर्षभागाची लांबी मिळवली की फाइलीचा आकार येतो. अखेरच्या कंट्रोल-झेडचा बहुधा आणखी एक बाइट असतो. फाइल तुटली असेल तर येथेच कळेल. त्यानंतर पोर्टेबल बंद करण्यापूर्वी ३८६ वरून ‘एफसी /बी’ या दोन फाइलींची बाइटागणिक तुलना करणाऱ्या आज्ञेने प्रत्येक प्रत मूळ फाइलीशी ताडून पाहा. मूळ फाइल तारेवरून पुन्हा वाचली जाणार असल्याने याला उतरवण्याइतकाच वेळ लागेल, पण एकही फरक निघाला नाही तर ती प्रत खरी माना.

मूळ प्रश्नकर्ता

११ पैकी १० फाइलींत एकही फरक नाही. अकरावीची तुलना अजून चालू आहे, आणि ती संपेपर्यंत मी पोर्टेबलला हात लावणार नाही.