मे महिन्याच्या अखेरीस ग्रीनवरील हरळी कशी जगवावी?

प्रश्न (सोलापूर)

नमस्कार. शहराच्या वेशीवरील एका संस्थेच्या आवारात गोल्फच्या सरावासाठी सुमारे १५० चौरस मीटरचे एक ग्रीन (होलभोवतीचा अगदी बारीक कापलेल्या गवताचा भाग) आहे आणि गेल्या पावसाळ्यापासून त्याची देखभाल माझ्याकडे आहे. खाली खडी, तिच्यावर ३० सेंटिमीटर वाळू आणि वर टिफड्वार्फ जातीची हरळी अशी त्याची रचना आहे. एप्रिलपर्यंत सर्व ठीक होते. मात्र पारा ४३ अंशांच्या पुढे गेल्यापासून दुपारी ठिकठिकाणी गवत निळसर करडे पडते, त्यावर उमटलेले पाऊल बराच वेळ तसेच राहते आणि काही चट्टे पाणी देऊनही कोरडेच राहतात. बोअरचे पाणी सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे देतो. कडेला पांढरा थर दिसू लागला आहे. कापणी ४ मिलिमीटरवर करतो. परदेशी व्हिडिओंमध्ये उन्हाळ्याच्या अखेरीस छिद्रे पाडू नयेत आणि नत्र देऊ नये, असे बजावून सांगतात. ते आपल्याकडे लागू पडते का?

उत्तर १ (पुणे, ग्रीनवर अनेक वर्षे काम)

तो सल्ला चुकीचा नाही, परंतु तो दुसऱ्या गवतासाठी आहे. थंड प्रदेशांतील ग्रीनवर बहुधा बेंटग्रास असते; ते तिशीच्या पुढच्या तापमानात थकते आणि त्याची मुळे आखूड होतात, म्हणून तिकडे उन्हाळ्यात त्याला हात लावत नाहीत. आपली हरळी उष्ण हवामानातील आहे, तिची वाढ २७ ते ३५ अंशांत सर्वांत जोमाने होते आणि ती मंदावते ती थंडीत. सोलापूरच्या मे महिन्यात ती पिवळी पडते तेव्हा उन्हापेक्षा पाण्यात चूक झाली असण्याची शक्यता अधिक असते.

दोनदा थोडे-थोडे पाणी दिल्याने फक्त वरची वाळू भिजते आणि मुळे खाली जाण्याचे कारणच उरत नाही. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. दिवसाला ६ मिलिमीटर गरज धरली, तर आपल्या ग्रीनला रोज ९०० लिटर लागतील. हेच पाणी दिवसाआड १,८०० लिटर असे पहाटे एकदम द्यावे आणि नंतर सळई खुपसून ओल किती खोल गेली ते प्रत्यक्ष पाहावे. जे चट्टे भिजत नाहीत तेथील वाळूच्या कणांवर सेंद्रिय द्रव्याचा मेणचट लेप बसलेला असू शकतो. तेथील वाळूचा कोरडा तुकडा काढून त्यावर पाण्याचा थेंब ठेवा. तो मुरण्याऐवजी तसाच बसून राहिला, तर बारीक दातेरी काट्याने भोके पाडून वेटिंग एजंट (पाणी वाळूत मुरायला मदत करणारे द्रव्य) मिसळलेले पाणी हाताने द्यावे लागेल.

कापणी आजच ५ ते ६ मिलिमीटरवर न्या. चेंडू थोडा हळू धावेल, ते खेळाडूंना समजावून सांगता येते. मेलेले गवत समजावून सांगता येत नाही. रील मॉवरची (फिरत्या पात्यांच्या गवतकापणी यंत्राची) पाती धारदार ठेवा आणि होलची जागा रोज बदला. गवत सावरले, की पंधरवड्यातून एकदा दर चौरस मीटरला एक ग्रॅम नत्र, म्हणजे या ग्रीनला सुमारे ३२५ ग्रॅम युरिया, पाण्यात विरघळवून द्यावा. पोकळ दातांचे खरे कोअरिंग (वाळूचे बारीक गाभे उपसून छिद्रे पाडणे) मात्र जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर करा, कारण तेव्हा हरळी भोके लवकर भरून काढते.

उत्तर २ (सांगोला, डाळिंब बागायतदार)

गोल्फचे मला काही कळत नाही, पण तो पांढरा थर चांगला ओळखीचा आहे. पाण्याची तपासणी करून घ्या, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातील क्षारांचे माप) ०.७ डेसीसिमेन्स प्रति मीटरच्या आत असेल तर काळजी नको, ३ च्या वर गेली तर गंभीरपणे घ्या. हरळी क्षार बऱ्यापैकी सोसते, तरी रोज थोडे पाणी देऊन ते उडू दिले, की क्षार वरच साचतात. वरच्या सदस्यांनी सांगितलेले भरपूर पाणी त्यांना खाली ढकलेल. मात्र खडीतून निघणारा निचऱ्याचा पाइप भोवतीच्या काळ्या मातीने बुजलेला नाही, हे आधी पाहा, नाहीतर क्षार तेथेच फिरत राहतील. अहवाल न पाहता जिप्सम टाकू नका, ते सोडियम जास्त असल्यावरच उपयोगी पडते.

उत्तर ३ (बार्शी)

एक भर घालतो. वळवाचा पहिला पाऊस झाला, की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर जमतात व पुढे जमिनीत अंडी घालतात. ग्रीनजवळ अशी झाडे असतील, तर त्या दिवसांत रात्री फांद्या हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. अळ्या मुळे खाऊ लागल्यावर हरळी गालिच्यासारखी उचलून येते आणि तोवर उशीर झालेला असतो.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. आज सळई घालून पाहिली, ओल जेमतेम ४ सेंटिमीटर होती. निचऱ्याच्या पाइपाचे तोंडही मातीत गाडलेले सापडले. ते मोकळे केले आहे आणि पाण्याचा नमुना उद्या तपासणीसाठी देणार आहे. कडेला दोन कडुनिंब आहेत, त्यांच्याकडे वळवानंतर लक्ष ठेवतो.