सर्व्हर ४१२ दिवस सलग चालू आहे, पावसाळ्याआधी रीबूट करावा का?

देवगडहून
आमच्या आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) वर चालणारा एक सर्व्हर आहे. पेट्यांचा, बागायतदारांच्या पैशांचा सगळा हिशेब त्याच्यावर. आज अपटाइम, म्हणजे न थांबता चालू असल्याचा काळ, ४१२ दिवस. नवीन मॅनेजर म्हणतात, दर रविवारी रीबूट करत जा. मला वाटतं, चालतंय तर हात कशाला लावा? खरं सांगायचं तर बंद केला आणि उठलाच नाही तर, याची धास्ती आहे. अजून पेट्या जातायत.

दापोलीहून
भाऊ, ही धास्ती आहे म्हणूनच रीबूट करा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझ्या सर्व्हरचा अपटाइम सहाशेच्या वर होता आणि मला त्याचा अभिमान होता. लाईट गेली, यूपीएसने अर्धा तास तग धरला. कित्येक दिवसांनी लाईट आली तेव्हा मशीन सुरू झालं, पण डेटाबेस उठेना. डेटाची डिस्क दीड वर्षापूर्वी मीच हाताने माउंट केली होती, म्हणजे सिस्टीमला जोडली होती; एफएस-टॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, लिहायची राहिली होती. फोल्डर रिकामं बघून पोटात गोळा आला. वर घड्याळ २०१२ सालात. बॅटरीच्या उजेडात मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा बटणासारखा सेल काढला, तर त्याच्या पाकळीवर हिरवट गंज. खाऱ्या हवेत दुसरं काय होणार!

तेव्हापासून मे अखेरीस आणि दिवाळीनंतर ठरवून रीबूट करतो. आधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघतो. मग काहीही अपडेट न करता नुसता रीबूट. हे फार महत्त्वाचं. दोन्ही एकदम केलं आणि अडलं, तर जुनी चूक की नवीन अपडेट, कळत नाही. नीट उठला की अपडेट, मग दुसरा रीबूट. आणि हे घरून करू नका, मॉनिटर-कीबोर्ड जोडून समोर बसा.

रत्नागिरीहून
दर रविवारची गरज नाही. मेमरी भरत जाते म्हणून रीबूट करत राहिलात तर कुठला प्रोग्राम मेमरी खातोय ते कधीच सापडणार नाही. पण कर्नलचं, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचं, अपडेट नुसतं इन्स्टॉल करून लागू होत नाही, रीबूट होईपर्यंत जुनाच कर्नल चालतो. लाइव्हपॅच या उबुंटूच्या सेवेने कर्नलमधल्या सुरक्षेच्या बऱ्याच त्रुटी चालत्या मशीनवर बुजतात, सगळ्या नाही. रीबूट बाकी असेल तर उबुंटू 'रीबूट-रिक्वायर्ड' नावाची फाइल ठेवतं, ती आहे का बघा.

मॅनेजरसाहेबांची सवय जुनी असेल. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४९.७ दिवसांत भरायचा आणि मशीन अडकायचं. जुन्या लिनक्समध्येही ४९७ दिवसांनी अपटाइम शून्यावर यायचा, पण मशीन बहुधा चालूच राहायचं.

देवगडहून
बघितलं. ती फाइल आहे. आणि दापोलीवाले दादा, एफएस-टॅब उघडला, त्यात आमची दुसरी डिस्क नाहीच! आत्ताच लिहिली. नवीन सेल मागवलाय. रविवारी दुपारी वाशीची गाडी भरून गेली की समोर बसून करतो.