प्रतिसाद: जुने सिमेंटचे पत्रे काढताना

वर विचारलंय की चाळीस वर्षांचे सिमेंटचे पत्रे हातोड्याने फोडून खाली टाकले तर काय बिघडतं. बिघडतं, फक्त आज दिसत नाही. अशा जुन्या पत्र्यांत सिमेंटमध्ये बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज मिसळलेलं असतं. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात रुतले की मेसोथेलिओमासारखा (फुप्फुसाच्या आवरणाचा) कर्करोग बहुतेकदा वीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. "पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस चालतं" हेही खरं नाही. जागतिक आरोग्य संघटना सगळेच प्रकार कर्करोगकारक मानते.

आमच्या पडवीचे पत्रे उतरवले तेव्हा एका तुटक्या कडेला जवळून पाहिलं. विरलेल्या गोणपाटासारखी करडी लव सुटली होती. धडधाकट पत्रा तंतू धरून ठेवतो. फोडणं, कापणं, भोकं पाडणं हेच घातक.

म्हणून आधी पाण्याचा फवारा मारून पत्रे भिजवा, नट-बोल्ट सोडवा, अख्खा पत्रा खाली घ्या आणि जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळा. नंतर कोरडा झाडू अजिबात नको, ओल्या फडक्याने पुसा. तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही. आणि हो, पत्र्यावर चढू नका, जुना पत्रा पायाखाली फुटतो आणि माणूस थेट खाली येतो.

ब्रिटनमध्ये 1999 साली बंदी आली, तरी तिथल्या जुन्या इमारतींत अ‍ॅस्बेस्टॉस अजून आहे. त्यामुळे तिथे वापरातल्या इमारतीची पाहणी वेगळी आणि तोडकामाआधीची वेगळी. दुसरीत भिंती, छत उघडून नमुने प्रयोगशाळेत पाठवतात. आपल्याकडे निदान पुनर्विकासाला जाणाऱ्या सोसायट्यांनी तरी अशी पाहणी आधी मागावी. पाडकामावरच्या मजुरांना कुणीच काही सांगत नाही.