ओलाव्याने उघडणारी कागदी पाकळी: काही पट्ट्या ढिम्म का राहतात?

सातरस्ता: नमस्कार. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी दमट हवेत आपोआप उघडणारं फूल करायचं आहे. ट्रेसिंग पेपरला पॅकिंगची चिकटपट्टी लावून १० × ८० मिमीच्या पाकळ्या कापल्या. कागद तोच, माप तेच, तरी निम्म्या वळतात आणि निम्म्या हलत नाहीत. फेव्हिकॉलने प्लास्टिक लावून पाहिलं, तर सुकतानाच सगळं वाकडं झालं.

ताणाबाणा: दोष कापण्यात आहे. कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेला पडलेले असतात. ओलावा लागला की तंतू जाडीला फुगतो, लांबीला जेमतेम वाढतो. म्हणजे कागद वाढतो तो तंतूंना आडवा. आधी ५ सेंमीचा चौकोन कापून एका बाजूने ओलं बोट फिरवा. तो नळीसारखा वळेल. नळी ज्या दिशेला लांब, ती तंतूंची दिशा. पाकळीची लांबी तिला काटकोनात हवी.

फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं. कागद फुगलेला असताना चिकटतो आणि सुकताना आकसून प्लास्टिकला ओढतो. चिकटपट्टीच बरी, तीही एकाच थराची. लावून चमच्याच्या पाठीने घासा, मगच कापा, नाहीतर कडा सुटतात.

होटगी_तलाव: जाडीचा हिशेब करा. ओलाव्याने कागद वाढतो, चिकटपट्टी वाढत नाही, म्हणून पट्टी वळते. दोन्ही थर सारखे धरले तर वळणाची त्रिज्या = एकूण जाडी ÷ (१.५ × दोन थरांच्या प्रसरणातला फरक). ०.१२ मिमी जाडी आणि ०.५ टक्के फरकाला १६ मिमी येते. जाडी दुप्पट, तर ३२. कार्डशीट म्हणूनच नको.

दुसरं, चिकटवताना जी हवा असेल त्या हवेत पट्टी सपाट राहते. सोलापूरच्या उन्हाळी दुपारी चिकटवलीत तर ओलाव्यात ती वळेल. तुम्हाला उलट हवंय. झाकणाच्या बरणीत तळाला ओलं मीठ ठेवा, आत आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर स्थिर होते. कागद मिठाला न लावता रात्रभर आत टांगा आणि बाहेर काढल्या काढल्या चिकटपट्टी लावा, तो भराभर सुकतो. फुलात कागदाची बाजू वर ठेवा: कोरड्या हवेत पाकळ्या मिटतील, दमट हवेत उघडतील. थेट पाणी मात्र शिंपडू नका, कागद सुरकुततो.

सातरस्ता: आभारी आहे. पीळ पडणारी पट्टी करता येईल का?

ताणाबाणा: येईल. तंतूंना ४५ अंशात, ५ मिमी रुंद कापा. सोबत माळावरचं कुसळ ठेवा. त्याच्या पिळलेल्या भागावर थेंब टाकला की पीळ सुटू लागतो आणि वाकलेलं टोक घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. याच फिरण्याने बी जमिनीत घुसतं. मुलांना हे भिंगातून दाखवाच.